सरळ रेषेत चालणारी पिझो अल्ट्रासॉनिक मोटर आणि २५ मिमीची स्लाइड: कामाच्या नोंदी

६ मे

काम असं आहे: २५ मिमी प्रवासाची क्रॉस-रोलर स्लाइड (रोलरांवर सरळ सरकणारा पाट), हलणारं वजन ३५० ग्रॅम, एक मायक्रॉनच्या आत थांबायला हवी आणि वीज बंद केल्यावर जागची हलता कामा नये. लीडस्क्रू आणि स्टेपर लावला तर बॅकलॅश (दिशा बदलतानाची ढिलाई) आणि गरम होणारी मोटर, दोन्ही पदरात पडतात. म्हणून चौकोनी पिझो प्लेटची (वीज दिली की कंप पावणारं सिरॅमिक) उभ्या, म्हणजे जागच्या जागी कंपणाऱ्या लाटेची मोटर. कॅननने १९८७ मध्ये लेन्समध्ये आणलेली मोटर गोल आणि फिरत्या लाटेची होती, तिचा इथे उपयोग नाही. इथे एकाच प्लेटमध्ये दोन कंपनं एकदम उठवायची: लांबीचं पहिलं आणि वाकण्याचं दुसरं. प्लेटच्या टोकावर बसवलेला सिरॅमिकचा दांडा (पुढे यालाच ‘टोक’ म्हटलंय) त्यामुळे लंबगोलात फिरतो आणि समोरच्या पट्टीला ढकलत नेतो.

प्लेट ३० × ७.५ × ३ मिमी, हार्ड प्रकारच्या पीझेडटी-८ या पिझो सिरॅमिकची, ध्रुवीकरण ३ मिमीच्या दिशेने, दोन्ही मोठ्या बाजूंवर चांदीचा थर. सॉफ्ट प्रकारची पीझेडटी-५ स्वस्त आणि सहज मिळते, पण ती या व्होल्टेजला इतकी तापते की हातात काही लागत नाही. रुंदी-लांबीचं प्रमाण ०.२५ मुद्दाम घेतलंय, दोन्ही कंपनं जवळजवळ एकाच फ्रिक्वेन्सीला यावीत म्हणून. साध्या बीमच्या सूत्राने ०.१८ च्या आसपास येतं, पण इतक्या जाड बीमला ते सूत्र लागू पडत नाही. त्या हिशोबाने प्लेट कापून घेतली तर दोन्ही कंपनं एकमेकांपासून कित्येक किलोहर्ट्झ लांब राहतील.

प्लेटा पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातच बनवून मिळाल्या, नगाला ९०० रुपये. सहा घेतल्या. कमीत कमी चार तरी घ्याच.

९ मे

एका बाजूची चांदी चार समान चौकटींत कापली. दुसरी बाजू अखंड, ती ग्राउंड. दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी पातळ हिऱ्याची चकती, हातातल्या ग्राइंडरवर, सगळ्यात कमी वेगाने. फट अर्धा मिमी. खोली चांदी जाईल तेवढीच, सिरॅमिकमध्ये ०.१ मिमीपेक्षा खोल खाच गेली की तिथूनच पुढे तडा जातो. पीझेडटीत शिसं असतं, त्यामुळे हे काम पाणी सोडतच करायचं, मास्क लावून, आणि गाळ कागदात पुसून वेगळा ठेवायचा. कोरडं कापू नये.

प्रत्येक चौकट १६५ पिकोफॅरडच्या आसपास यायला हवी. १५७, १६०, १५९, १५८ आली. दहा टक्क्यांच्या वर फरक असला तर फट तिरकी गेली आहे असं समजा.

११ मे

तारा जोडल्या. साध्या कथील-शिशाच्या डाखाने चांदीचा थर डाखातच विरघळून जातो आणि खाली काळं सिरॅमिक उघडं पडतं. एक प्लेट अशीच वाया गेली. दोन टक्के चांदीचा सोल्डर, सोल्डरिंग आयर्न ३०० अंशांच्या खाली, स्पर्श दोन सेकंदांपेक्षा कमी. तार ३६ गेजची, आणि जोड चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, म्हणजे प्लेटच्या मध्याजवळ. मध्यावर लांबीच्या कंपनाचाही नोड (न हलणारी जागा) आहे आणि वाकण्याच्याही. डाखाचा गोळा टोकाकडे ठेवला तर तो कंपनाचं वजन वाढवतो आणि काही तासांत तार मुळाशी तुटते.

कर्णावरच्या दोन चौकटी एकत्र: डावी-वरची आणि उजवी-खालची ही जोडी अ, उरलेली जोडी ब. अ चालवली की एक दिशा, ब चालवली की उलट.

१४ मे

कंपनं मोजली. त्यासाठी महागडं उपकरण नको. एडी९८३३ चा सिग्नल बोर्ड, एक किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, आणि ऑसिलोस्कोप. प्लेट मध्यावर दोन टाचण्यांच्या बोथट टोकांमध्ये हलकी धरलेली.

दोन्ही कंपनं वेगळी ओळखायची युक्ती फार कामाची आहे. चारही चौकटी एकत्र जोडल्या तर फक्त लांबीचं कंपन दिसतं, वाकण्याचं आपोआप रद्द होतं. आणि अ व ब यांच्यामध्ये सिग्नल देऊन ग्राउंडची बाजू मोकळी सोडली तर फक्त वाकण्याचं दिसतं. आकडे: लांबी ५६.१ किलोहर्ट्झ, वाक ५७.४. फरक १३०० हर्ट्झ. हवाय तो ३०० च्या आसपास, पण टोक बसवायच्या आधी प्लेटला हात लावायचा नाही. कारण उद्याच्या नोंदीत.

१५ मे

टोक: ३ मिमी व्यासाचा अल्युमिनाचा दांडा, २ मिमी लांब, पुढचा भाग किंचित गोलसर. वजन ०.०५५ ग्रॅम, प्लेट ५.१ ग्रॅम. टोकावर ठेवलेलं वजन लांबीच्या कंपनाला जेवढं खाली ओढतं त्याच्या दुप्पट वाकण्याच्या कंपनाला ओढतं, कारण वाकताना प्लेटचं हलणारं परिणामी वस्तुमान निम्मंच असतं. मोजलं तर तसंच आलं: लांबी ५५.५, वाक ५६.२. अर्धा फरक आपोआप मिटला. आधीच घासून दोन्ही जुळवली असती तर आता वाक लांबीच्या खाली गेला असता, आणि घासलेली रुंदी परत येत नाही.

टोक मध्यावर बसणं अतिशय महत्त्वाचं आहे. ०.२ मिमी बाजूला सरकलं की एका दिशेला जोर जास्त, दुसरीला कमी. ॲक्रिलिकचा एक छोटा साचा करून घेतला, ७.५ मिमीची खाच आणि बरोबर मध्यावर ३ मिमीचं भोक. हाताने, डोळ्याने जुळवू नका.

१८ मे

लांब कडा घासून वाक खाली आणला. काचेवर १२०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी, आणि दोन्ही कडांवरून सारखंच. रुंदी ०.०५ मिमीने कमी झाली की वाक साधारण २५० हर्ट्झ उतरतो, लांबीचं कंपन जवळजवळ हलत नाही. ०.०८ मिमी काढून थांबलो. फरक आता ३०० हर्ट्झ.

शून्य फरक का नको? दोन्ही अगदी एकावर एक आले तर दोन्ही एकाच तालात हलतात, टोक लंबगोल न फिरता तिरक्या रेषेत पुढेमागे करतं. ढकलतं तेव्हाही, पण पट्टी झिजवत आणि कर्कश आवाज करत. मोटर जुळवल्यावर क्यू (कंपनाचं शिखर किती टोकदार आहे त्याचा आकडा) दोनशेच्या घरात असतो, म्हणून फ्रिक्वेन्सीला क्यूने भागलं की येतात ते २८० हर्ट्झ हाच योग्य फरक. मधली फ्रिक्वेन्सी दिली की एक कंपन ४५ अंश पुढे आणि दुसरं ४५ मागे पडतं.

२५ मे

धारक, स्प्रिंग, पट्टी. पट्टी ९९.५ टक्के अल्युमिनाची, पॉलिश केलेली, ४० × ६ × २ मिमी, स्लाइडच्या बाजूला चिकटवली. प्लेटचे वाकण्याचे बाहेरचे नोड टोकांपासून लांबीच्या ०.१३२ वर, म्हणजे दोन्हीकडून ४ मिमीवर. तिथे एका बाजूला डेल्रिनचे (कडक प्लॅस्टिक) दोन पक्के आधार, समोर पातळ पत्तीच्या स्प्रिंगवरचे दोन आधार, प्रत्येकी ३ न्यूटन. मागून दाब देणारी गुंडाळीची स्प्रिंग, १५ न्यूटन.

दाबाची स्प्रिंग लांब आणि मऊ घ्या. इथे १.५ न्यूटन प्रति मिमी आहे. पट्टी २० मायक्रॉन वाकडी असली तरी दाबात ०.०३ न्यूटनचाच फरक पडतो. कडक पत्तीने दाबलं तर तोच २० मायक्रॉन दर फेरीला जोर कमी-जास्त करत राहतो.

१ जून

ड्रायव्हर. २४ व्होल्टचा फुल ब्रिज (चार ट्रान्झिस्टर-स्विचचं सर्किट), एसटीएम३२जी४७४ या मायक्रोकंट्रोलरवरून, कारण त्याच्या टायमरची पायरी १८४ पिकोसेकंद आहे. साधा ७२ मेगाहर्ट्झचा एसटीएम३२एफ१०३ या फ्रिक्वेन्सीला सुमारे ४३ हर्ट्झच्या उड्या मारतो. फिरेल, पण बारीक जुळवणी होणार नाही. ब्रिजनंतर १:४ चा फेराइट ट्रान्सफॉर्मर, मग १० मिलिहेन्रीचं कॉइल सिरीजमध्ये. जोडीची ३२० आणि एक मीटर कोअॅक्स केबलची १०० पिकोफॅरड धरून कॉइलची जुळणी ७७–७८ किलोहर्ट्झला येते. त्यामुळे ५६ वर व्होल्टेज जेमतेम दुप्पट होतं आणि चौरस लाटेतली तिप्पट फ्रिक्वेन्सी चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते. ती तशीच जाऊ दिली तर प्लेटमध्ये नको ती कंपनं उठतात. केबलची लांबी ठरली की बदलू नका: ती लोडचा चौथा हिस्सा आहे.

प्लेटवर २५० व्होल्ट शिखर मिळतात. हा झटका जोरदार लागतो. धारकावर झाकण लावल्याशिवाय वीज देऊ नये.

५ जून

हालचाल आहे. अ दिशेला पुली लावून टांगलेलं ३८० ग्रॅम वजन उचलतं, ब दिशेला २२०. ब ची जुळणीची फ्रिक्वेन्सीही अ पेक्षा १८० हर्ट्झ वर.

कारण टोकात नव्हतं, मांडणीत होतं. दोन जोड्यांना दोन वेगळे ड्रायव्हर होते. न चालणाऱ्या ड्रायव्हरचे खालचे दोन्ही मॉस्फेट चालू ठेवले म्हणजे ती जोडी ग्राउंडला गेली, असं सर्किट पाहून वाटतं. प्रत्यक्षात मध्ये १० मिलिहेन्रीचं कॉइल आहे, त्यामुळे ती जोडी ग्राउंडला नसून कॉइलशी झुलत असते आणि प्लेटचा कडकपणा बदलते. दोन कॉइलचं इंडक्टन्स पाच टक्क्यांनी वेगळं असलं की दोन दिशा वेगळ्या वागतात. उपाय: एकच ड्रायव्हर, आणि ४०० व्होल्टचे चार फोटोमॉस रिले (प्रकाशाने चालणारे इलेक्ट्रॉनिक स्विच). जी जोडी चालत नाही ती थेट ग्राउंडला. दिशा बदलताना आधी ब्रिज बंद, एक मिलिसेकंद थांबून रिले, मग पुन्हा ब्रिज. आता ३८० आणि ३६०.

९ जून

कर्कश शिट्टी, प्रवासाच्या फक्त डाव्या पाच मिमीत. पट्टीच्या त्या टोकाखाली इपॉक्सी पोचलेला नव्हता, पट्टी तिथे ढोलासारखी वाजत होती. पट्टी काढून, दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून, अगदी पातळ थर पूर्ण क्षेत्रावर देऊन वजनाखाली पुन्हा बसवली. शिट्टी गेली. नवी पट्टी बसवताना काठीने ठोकून ऐका, पोकळ जागा लगेच कळते.

१६ जून

या प्रकल्पातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

स्लाइड एका दिशेने १०० मायक्रॉन नेऊन परत आणली की एन्कोडर (स्लाइडची जागा मोजणारं उपकरण) सांगतो, दिशा बदलताना सुरुवातीला सहा ते सात मायक्रॉन काहीच होत नाही. घर्षणावर चालणाऱ्या मोटरला दात नाहीत, स्क्रू नाही. मग ढिलाई आली कुठून? आधी एन्कोडरवर संशय, मग स्लाइडच्या रोलरवर, मग फर्मवेअरमध्ये रिलेच्या वेळेवर. तीनही ठीक निघाले. शेवटी एक मायक्रॉनचा डायल थेट पिझो प्लेटच्या बाजूला, पुढच्या आधाराजवळ टेकवला. दिशा बदलली की प्लेटच आडवी सहा मायक्रॉन सरकत होती.

हिशोब कागदावर मांडला तर उघड दिसतं. टोक पुढच्या आधाराच्या ६ मिमी पुढे आहे, दोन आधारांत २२ मिमी अंतर. टोकावर ४ न्यूटनचा जोर आला की पुढच्या आधारावर ४ × २८ ÷ २२, म्हणजे ५.१ न्यूटन येतात, मागच्यावर उलट्या दिशेने १.१. आणि पुढे बाजूची स्प्रिंग होती ३ न्यूटनची. एका दिशेला जोर प्लेटला पक्क्या आधारावर दाबतो, तिथे सगळं ठीक. दुसऱ्या दिशेला तो स्प्रिंगला हरवतो, प्लेट आधार सोडून उठते, स्प्रिंग पुरती दबेपर्यंत सरकते, आणि मगच स्लाइड हलते.

नुसती स्प्रिंग वाढवून भागलं नाही. ८ न्यूटन केल्यावर पहिल्या दिवशी ढिलाई एक मायक्रॉनच्या खाली आली, पण दोन दिवसांत पुन्हा तीन. आधारापाशी राखाडी भुकटी. वाकण्याचा नोड असला तरी लांबीचं कंपन तिथे टोकाच्या नव्वद टक्के असतं, त्यामुळे प्लेट त्या जागी आधारावर सतत घासते आणि डेल्रिनमध्ये खळगा पडतो. रबर तर नकोच: ते कंपन पिऊन टाकतं आणि स्वतः दबतं. शेवटी पक्के आधार ३ मिमी व्यासाचे अल्युमिनाचे आडवे दांडे केले, आणि प्लेटच्या कडेवर त्या जागी ०.३ मिमी जाडीचे अल्युमिनाचे छोटे तुकडे चिकटवले. स्प्रिंगच्या बाजूलाही तसंच. पुढची स्प्रिंग ८ न्यूटन, मागची ३.

क्यू ३२० वरून २२० झाला, जोर थोडा उतरला. त्या बदल्यात दिशा बदलतानाची ढिलाई ०.३ मायक्रॉन. हा सौदा डोळे झाकून घ्यावा. अशा मोटरचा अचूकपणा सर्किटमध्ये शोधण्याआधी प्लेट कशी धरली आहे ते तपासा. फर्मवेअरमध्ये ढिलाईची भरपाई टाकत बसलात तर खळगा वाढेल तशी ती भरपाई खोटी पडत जाईल.

२४ जून

वीस मिनिटं सलग चालवल्यावर जोर निम्मा. थंड झाल्यावर पुन्हा पूर्ववत. प्लेट ५८ अंशांवर होती. टोक खोलीच्या तापमानाला पक्का होणाऱ्या साध्या इपॉक्सीने चिकटवलेलं होतं. असा इपॉक्सी पन्नास अंशांच्या पुढे मऊ पडतो, आणि मऊ थर कंपनाची सगळी ताकद उष्णतेत घालवतो, त्याने आणखी तापतो. भट्टीत पक्का होणारा इपॉक्सी वापरून १०० अंशांवर पुन्हा बसवलं. १५० च्या वर नेऊ नये, क्युरी तापमान (ज्याला ध्रुवीकरण पूर्ण नाहीसं होतं) ३०० असलं तरी निम्म्यापाशी थांबणं बरं, नाहीतर ध्रुवीकरण उतरायला लागतं. कडेचे तुकडेही त्याच इपॉक्सीने.

८ जुलै

पाऊस लागल्यापासून दोन नवे त्रास. पहिला: चांदीच्या चौकटींमधल्या फटीवरून ठिणगी. अर्ध्या मिमीला २५० व्होल्ट कोरड्या, स्वच्छ हवेत काहीच नाहीत. पण झिजलेल्या अल्युमिनाची धूळ आणि ओल एकत्र आली की पृष्ठभागावरून रस्ता तयार होतो, आणि एकदा काळी रेघ पडली की ती पुसून जात नाही, खरवडावी लागते. फट ०.८ मिमी केली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली, ६० अंशांवर तासभर वाळवली आणि फक्त फटीवर ॲक्रिलिक लॅकरचा पातळ हात दिला. पूर्ण प्लेटवर लॅकर देऊ नका, क्यू पडतो.

दुसरा: रात्रभर बंद राहिलेली मोटर सकाळी पहिल्या काही फेऱ्यांत अडखळते. पट्टीवर ओलाव्याचा थर बसतो. सुरुवातीला पूर्ण प्रवासाच्या दहा-बारा फेऱ्या जोरात मारल्या की सुटते. कोकणपट्टीत असाल तर झाकणात सिलिका जेलची पुडी ठेवाच. पट्टीला बोटही लावू नका. एका बोटाच्या ठशाने त्या जागी जोर चाळीस टक्के उतरलेला मोजला आहे.

२० जुलै

फ्रिक्वेन्सी. ३० ते ५५ अंशांत जुळणी सुमारे २०० हर्ट्झ खाली उतरते, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी देऊन चालत नाही. न चालणारी जोडी थेट ग्राउंडला न जोडता १० नॅनोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून जोडली. तिच्यासाठी हे जवळजवळ ग्राउंडच आहे, पण कॅपॅसिटरवर काही व्होल्टचा सिग्नल मिळतो आणि त्याचा फेज कंपनाबरोबर फिरतो. तो फेज ठरावीक ठेवणारा साधा पीआय लूप (चूक मोजून सतत दुरुस्त करणारं नियंत्रण), मिलिसेकंदाला एक दुरुस्ती. हवा असलेला फेज हिशोबाने नाही, वजन उचलून बघत शोधला.

दोन गोष्टी. सुरुवात नेहमी वरच्या फ्रिक्वेन्सीवरून, ५७.५ पासून खाली उतरत. मोठ्या कंपनाला शिखर डावीकडे कललेलं असतं. खालून वर गेलात तर मोटर काहीच करत नाही आणि मग एकदम झटका मारते. आणि जुळणी कधीही कमी व्होल्टेजवर मोजू नका. तेव्हा टोक पट्टीला चिकटलेलंच असतं, दोन्ही कंपनं हजारएक हर्ट्झने वर दिसतात आणि चुकीच्या जागी जुळवणी होते. ८० व्होल्टच्या वर मोजा.

३ ऑगस्ट

एन्कोडरच्या मापावरून स्लाइडची जागा राखणारा लूप जोडून सुरू केला. एन्कोडर २० मायक्रॉनच्या रेघांचा, वाटणीनंतर ०.१ मायक्रॉन, नियंत्रण ५ किलोहर्ट्झवर. ९५ व्होल्टच्या खाली (उलट दिशेला १०५) स्लाइड हलतच नाही. साधा पीआय या मृत पट्ट्यात साठत जातो आणि मग उडी मारतो, लक्ष्याभोवती पाऊण मायक्रॉनची पुढेमागे सुरू राहते. दोन्ही दिशांना वेगळा मूळ व्होल्टेज जोडल्यावर ती ०.४ वर आली.

शेवटच्या मायक्रॉनसाठी छोटे झटके देऊन पाहिले. कंपन वाढायला एक मिलिसेकंदाहून जास्त, म्हणजे साठ-सत्तर आवर्तनं लागतात. ४० आवर्तनांचा झटका कधी ०.१ तर कधी ०.४ मायक्रॉन सरकवतो, भरवसा नाही. त्यापेक्षा हे चांगलं चाललं: व्होल्टेज ८० वरून हळू चढवायचा, एन्कोडरने एक गणना बदलली की लगेच उतरवायचा. लक्ष्यापासून ±०.२ मायक्रॉनमध्ये थांबते.

पूर्ण बंद करताना व्होल्टेज एकदम तोडला तर स्लाइड ०.३ मायक्रॉन मागे येते, कारण टोक आणि धारक ताणलेले असतात आणि तो ताण सुटतो. २० मिलिसेकंदांत उतरवला तर एन्कोडर हलत नाही.

१७ ऑगस्ट

आठ तास सलग, ५० मिमी प्रति सेकंद, म्हणजे सुमारे १.४ किमी. टोकावर ०.६ मिमीचा सपाट ठसा, पट्टीवर फिकट रेघ, खोली डायलवर दिसत नाही. जोर ३.४ वरून ३.१ न्यूटन. दाब १५ वरून १८ न्यूटन करून पाहिला: जोर ३.६, पण वेग १२० वरून ८५ मिमी प्रति सेकंद आणि प्लेट सहा अंश जास्त गरम. परत १६ वर आणला.

क्रॉस-रोलरची जाळी (रोलर धरून ठेवणारी) छोट्या, वेगवान फेऱ्यांत हळूहळू एका बाजूला सरकते. दर काही तासांनी पूर्ण प्रवास टोकाला टेकवून घ्यावा, फर्मवेअरमध्ये तसं टाकलं आहे.

खर्च: प्लेटा ५,४००, जुनी स्लाइड ६,०००, जुना एन्कोडर आणि पट्टी १४,०००, अल्युमिना १,८००, इलेक्ट्रॉनिक्स ४,५०० (बहुतेक पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, फोटोमॉस आणि फेराइट ऑनलाइन), लेथ आणि मिलिंग ३,५००. एकूण ३५,२०० रुपये. सहा प्लेटांपैकी एक डाखाने, एक खोल खाचेच्या तड्याने गेली. उरलेल्या तीन कोऱ्या प्लेटांपैकी पहिलीवर फट सुरुवातीपासूनच ०.८ मिमी ठेवणार आहे आणि कडेचे अल्युमिनाचे तुकडे टोकाच्या आधी चिकटवणार आहे, कारण त्यांच्या वजनाने वाकाचा आकडा पुन्हा थोडा सरकला होता आणि कडा दुसऱ्यांदा घासाव्या लागल्या.